गिरमिट, टोकयंत्र की शार्पनर?

कडबोळं: एका हिंदी बालकथेचा अनुवाद करतेय, काळ साधारण 1975 चा. त्यातला मुलगा वर्गातल्या दुसऱ्याचं 'कटर', म्हणजे पेन्सिलीला टोक करायचं ते, ढापतो. मी बिनधास्त 'गिरमिट' लिहिलं, आमच्याकडे सांगलीला सगळे तेच म्हणायचे. संपादकबाईंनी लाल शेरा मारला, गिरमिट सुताराचं असतं, टोकयंत्र करा. आता दुसरीतलं पोर 'माझं टोकयंत्र दे' म्हणेल का हो?

जुनाशेला: का नाही म्हणणार? आम्ही पुण्यात म्हणायचो की. तुमच्याकडे म्हणत नसतील म्हणून शब्द कृत्रिम होत नाही.

वऱ्हाडी ठेचा: आमी तर शॉपनर म्हणत होतो बाप्पा. 'र' कुठं गेला कोणाले मालूम.

अर्धं ब्लेड: शार्पनर कुणाकडे होतं हो! वडिलांची दाढी झाली की ते ब्लेड उभं मोडून अर्धं मला अर्धं ताईला, कागदात गुंडाळून कंपासपेटीत. एकदा तसंच चड्डीच्या खिशात ठेवलं, खिसा फाटला आणि मांडीही, आईनं आधी चड्डी बघितली कारण वर्षाला दोनच शिवायचे, त्यासुद्धा वाढत्या अंगाच्या, पहिलीत घेतलेली तिसरीत बसायला लागायची.

मराठीचशुद्ध: विषय शब्दाचा आहे. मराठीत सोपा, अर्थवाही शब्द असताना परका कशाला?

कडबोळं: काका, मग त्या पोराच्या खांद्याला काय अडकवू? दप्तर फारसी, शाई फारसी, दौत अरबी. 'पेशवे दफ्तर' म्हणताना कुणाला खटकत नाही, गिरमिटच तेवढं परकं?

मराठीचशुद्ध: ते रुळलेले आहेत.

कडबोळं: अहो तेच म्हणतेय ना मी!!

रिकामटेकडा: मला वाटतं गिरमिट हे गिरमिटियावरून आलं असणार, म्हणजे इंग्रजांच्या काळी करारावर परदेशी नेलेले मजूर, ते जसे पिळून काढायचे तशी पेन्सिल पिळायची.

जुनाशेला: काहीही! गिरमिटिया 'ॲग्रीमेंट'वरून. हे गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार, तेही गोल फिरवायचं, हेही गोल फिरवायचं, संपलं. पोरांनी सुताराचा शब्द उचलला, छानच केलं खरं तर.

हुबळीकर: आमच्याकडे गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांचा पदार्थ, कांदा-टोमॅटो परतून त्यात चुरमुरे, वरून फुटाण्याच्या डाळीची पूड, सोबत तळलेली मिरची. तुमचा मुलगा मित्राचं गिरमिट ढापतो म्हटल्यावर मला काही वावगं वाटलं नसतं.

अर्धं ब्लेड: 😂 रेसिपी टाका

मराठीचशुद्ध: शिवाय 'शिसपेन्सिल' हाही चुकीचाच शब्द, त्यात शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती असते.

वऱ्हाडी ठेचा: पण नुसती पेन्सिल म्हटली तर पाटीवरची समजत ना जी. आमी तर ती खायचो बी. मंग दुसरीले येगळं नाव नको का?

कडबोळं: बरोबर, पाटीची ती पेन्सिल आणि वहीची ती शिसपेन्सिल, आमच्याकडेही तसंच. पण मला उद्या सकाळी फाइल पाठवायचीय, कुणीतरी सांगा ना काय ठेवू?

अर्धं ब्लेड: गिरमिटातून निघालेली सालं दुधात भिजवून ठेवली की खोडरबर होतं असं कोणाकोणाच्या शाळेत सांगायचे? आम्ही आठ दिवस ठेवलेली, नुसता वास सुटला.

जुनाशेला: दुधात नाही हो, पेजेत. म्हणून झालं नसेल.