'टेबल्ड' म्हणजे मांडला की गुंडाळला?

अर्धविराम:
एका अमेरिकन संस्थेच्या बैठकीच्या इतिवृत्ताचं मराठी करतेय. त्यात वाक्य आहे, 'द मोशन वॉज टेबल्ड, सो द क्वेश्चन ऑफ फंडिंग इज नाऊ मूट.' मी लिहिलं, 'ठराव पटलावर ठेवण्यात आला, त्यामुळे निधीचा प्रश्न आता वादाचा झाला आहे.' तपासणाऱ्या बाईंनी वाक्याच्या दोन्ही भागांखाली लाल रेघ मारून शेजारी फक्त 'उलट!' असं लिहून पाठवलंय. आता 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' हे आपण बातम्यांत कायम वाचतो की नाही? माझ्याकडच्या कोशातही टेबल म्हणजे चर्चेसाठी मांडणे आणि मूट म्हणजे वादग्रस्त असंच दिलंय. मग उलट काय आहे यात? आणि असलंच तर मराठीत लिहू काय, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

बाराखडी:
बाईंचं बरोबर आहे. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला आणणं, अमेरिकनमध्ये तोच विषय चर्चेतून काढून बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून खरोखर खडाजंगी झाली होती, चर्चिलने युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते म्हणाले टेबल करू या, अमेरिकन म्हणाले छे, इतका महत्त्वाचा विषय टेबल करून कसं चालेल, आणि बराच वेळ तावातावाने भांडल्यावर लक्षात आलं की दोघांना एकच पाहिजे होतं. 'पटलावर ठेवणे' आपण ब्रिटिश संसदेच्या वहिवाटीतून घेतलं, म्हणून आपल्याला तोच अर्थ सरळ वाटतो.

उंटावरचा_शहाणा:
टेबल एकच, बाजू दोन. एका बाजूला बसलं की विषय सुरू, दुसऱ्या बाजूला बसलं की संपला. हाहा

तळटीप:
हसण्यावारी नेऊ नका, चित्र खरंच एकच आहे, हातातला कागद टेबलावर ठेवणं. ब्रिटिशाला दिसतं की कागद सगळ्यांसमोर आला, अमेरिकनाला दिसतं की हातातून खाली ठेवला. त्यातही गोम आहे. अमेरिकेत सभा चालवण्याच्या नियमांचं रॉबर्टचं पुस्तक १८७६ पासून वापरात आहे, त्यात 'टेबलावर ठेवणे' म्हणजे मध्येच काहीतरी निकडीचं निघालं म्हणून तात्पुरतं बाजूला ठेवणं, नंतर बहुमताने परत उचलता येतं. पण तिथल्याच प्रतिनिधिगृहात टेबल करण्याची सूचना मंजूर झाली की विषय मेला. म्हणजे अमेरिकनमध्येसुद्धा दोन दर्जे आहेत. तुमच्या वाक्याचा उत्तरार्ध बघता मेलाच असावा.

खोडरबर:
'ठराव बासनात गुंडाळला' लिहा आणि झोपा.

काळाकोट:
नका लिहू. बासनात गुंडाळण्यात कोणाची तरी चालूगिरी गृहीत आहे, इतिवृत्तात तसला सूर चालत नाही. 'ठरावावरील विचार स्थगित' किंवा 'तहकूब' म्हणा.
मूटबद्दल: कायदा शिकणाऱ्यांचं मूट कोर्ट असतं ना (अभिरूप न्यायालय म्हणतात मराठीत, म्हणत कोणीच नाही), तिथे काल्पनिक खटला घेऊन दोन्ही बाजूंनी भांडायचं. ते जुन्या अर्थाचं मूट, भांडायला जागा असलेलं. पण अमेरिकन न्यायालय एखादं प्रकरण मूट आहे म्हणतं तेव्हा त्यात निकाल द्यावा असं काही उरलेलंच नसतं. १९७४ चा डीफ्युनिस खटला याचं झकास उदाहरण, विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारला म्हणून एकजण कोर्टात गेला, खालच्या कोर्टाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळालाही, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण पोचून निकाल लागेपर्यंत गडी शेवटच्या सत्रात होता. कोर्ट म्हणालं आता हा पदवी घेऊन बाहेरच पडणार, आम्ही काय ठरवायचं? मूट. तर तुमचा निधीचा प्रश्न वादाचा झालेला नाही, उरलेलाच नाही. कोर्टाच्या भाषेत 'निरर्थक ठरला' म्हणतील, मला 'निकालात निघाला' आवडेल.

खोडरबर:
'निकालात निघाला' म्हणजे निकाल लागला असं वाटेल हो वकीलसाहेब. लागलेला तर नाही.

काळाकोट:
वाटणाऱ्याला वाटू दे. 'निकालात काढणे' म्हणजे एकदाचं संपवणे, हे मराठी माणसाला कळतं.

शब्दलुब्ध:
बासन शब्दाला इतकं हिणवायचं कारण नाही. पोथ्या बासनात बांधून ठेवत ते जपून ठेवायला, विसरायला नव्हे. दप्तरखान्यातले कागदही कापडात बांधलेले, पेशवे दफ्तराच्या त्या गठ्ठ्यांना आजही रुमालच म्हणतात. म्हणजे 'बासनात बांधला' लिहिलं तर अमेरिकन 'टेबल'ला तंतोतंत जुळतो, ठेवला आहे, परत सोडता येतो. आपल्याकडे असा नेमका शब्द असताना स्थगित न् तहकूब कशाला, तहकूब तर मुळात मराठीही नाही. आणि मूटचं म्हणाल तर त्याचं मूळ मला आपल्या 'मत' शब्दात दिसतं. मत मांडायची जागा ती मूट. ध्वनी बघा, अर्थ बघा, योगायोग किती म्हणायचे?

बाराखडी:
योगायोगच म्हणायचा. मूट हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ सभा, जमाव. अँग्लो-सॅक्सन राजांच्या सल्लागारांच्या सभेला विटेनगेमोट म्हणत त्यातलं शेवटचं मोट ते हेच, आणि 'मीट' याचाच भाऊबंद. मताशी काही संबंध नाही. आणि तहकूब मराठी नाही तर मग रुमाल कुठला?

शब्दलुब्ध:
रुमाल रुळलेला आहे.

बाराखडी:
तहकूब काय काल आला?

उंटावरचा_शहाणा:
रुळण्याची मुदत किती असते, म्हणजे टेबललाही अर्ज करता येईल. 'ठराव टेबल झाला'. ऑफिसात सगळे असंच बोलतात आणि कोणाला काहीच कळत नाही, ब्रिटिश म्हणा की अमेरिकन, दोन्ही अर्थ शाबूत. अनुवादाचा याहून प्रामाणिक नमुना मिळणार नाही.

पाटीपेन्सिल:
मी प्रौढांना इंग्रजी शिकवते, त्यांच्या वाक्प्रचारांच्या पुस्तकांवर माझा जुना राग आहे. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. कोण बोलतंय, कुठला बोलतंय, चेष्टेत की गंभीरपणे, काही नाही. मुळाच्या गोष्टी मात्र हौसेने देतात आणि त्याच खोट्या निघतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची ती गवताच्या छपरावर झोपणारी आणि पावसात घसरून पडणारी कुत्रीमांजरं, ती गोष्ट १९९९ च्या सुमाराला फिरलेल्या एका थापेबाज ईमेलमधली आहे. खरं मूळ कोणालाच माहीत नाही. पण विद्यार्थ्याला गोष्ट पाठ, आणि हा वाक्प्रचार आजकाल इंग्रज माणूस फारसा बोलत नाही हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.
आणि 'आय कुडंट केअर लेस'. अमेरिकेत नकार गाळून 'कुड केअर लेस' म्हणतात, अर्थ तोच, काडीची पर्वा नाही. एका विद्यार्थिनीने व्याकरणाने सोडवून दाखवलं की 'याहून कमी पर्वा करू शकतो म्हणजे थोडी तरी आहे', तिचं तर्कशास्त्र अचूक होतं आणि अर्थ साफ चुकला. काय शिकवणार यावर? माझ्या मते अर्थ नंतर, आधी कोण म्हणालं ते विचारायचं. अर्धविराम यांच्या कोशाने नेमकं तेच सांगितलेलं नाही.

तळटीप:
+१. 'लायन्स शेअर' हेच बघा. इसापाच्या गोष्टीत सिंह शिकारीचे वाटे घालतो आणि एकेक कारण सांगत सगळेच स्वतःकडे ओढतो. म्हणजे सिंहाचा वाटा म्हणजे अख्खं. आज इंग्रजीत सगळ्यात मोठा हिस्सा, आणि मराठीत तर 'संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे' ही स्तुती! घेणारा सिंह देणारा झाला.

शब्दलुब्ध:
याला प्रचलन नाही, अज्ञान म्हणतात.

तळटीप:
मग 'माझ्या अपरोक्ष' म्हणणाऱ्या सगळ्या महाराष्ट्राला अज्ञानी म्हणा. संस्कृतात परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, अपरोक्ष म्हणजे समोर. आपण पाठीमागे झालेल्या गोष्टीला अपरोक्ष म्हणतो. टेबलइतकीच कोलांटी आहे ही आणि एकाही मराठी माणसाचं त्यावाचून अडत नाही.

शब्दलुब्ध:
मी 'परोक्ष'च म्हणतो.

खोडरबर:
आणि ऐकणारा काय समजतो?

शब्दलुब्ध:
ती त्याची जबाबदारी.

अर्धविराम:
सगळ्यांचे आभार, पण मी अजून अडकलेलीच आहे. बाईंना फोन केला तर त्या म्हणतात 'पुढे ढकलला' लिहा. पुढे ढकलला तर निधीचा प्रश्नही पुढे गेला, संपला कसा? आणि मूळ इंग्रजी लिहिणाऱ्याच्या मनात टेबलचा कुठला अर्थ होता ते मला कोण सांगणार?

काळाकोट:
'ठराव विचारातून वगळण्यात आला, सबब निधीचा प्रश्न उरत नाही.' सबब ठेवाच, वजन येतं.

खोडरबर:
वगळला म्हणजे कायमचा गेला. रॉबर्टवाल्या अर्थाने परत येणार असेल तर?

पाटीपेन्सिल:
संस्थेला ईमेल करून विचारा ना सरळ. जाता जाता, या कोलांट्यांच्या उलट कधीकधी दोन भाषांत चित्र आपसूक जुळतं तेही बघा. 'टर्न अ ब्लाइंड आय', इंग्रज आरमारातल्या नेल्सनची गोष्ट सांगतात, १८०१ ची कोपनहेगनची लढाई, माघारीचा इशारा झाला तर त्याने आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावली आणि म्हणाला मला काही दिसत नाही. आपला काणाडोळा अगदी तोच, काणा डोळा.

शब्दलुब्ध:
कानाडोळा. न. कान आणि डोळा, दोन्हींनी दुर्लक्ष. नेल्सनला मध्ये आणायची गरज नाही.

पाटीपेन्सिल:
कान आणि डोळा असतं तर कानडोळा झालं असतं, 'ना'चा काना कुठून आला?

शब्दलुब्ध:
उच्चारसौकर्य.

बाराखडी:
मत-मूटला हेच कारण द्यायचं राहिलं वाटतं.

काळाकोट:
मी पन्नाशीपर्यंत ना लिहीत आलोय, ऐकतानाही ना-च ऐकलाय. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. दुर्लक्ष करणारा तर दोन्ही डोळ्यांनी धडधाकट असतो, म्हणून तर त्याच्यावर ठपका येतो.

पाटीपेन्सिल:
अहो म्हणूनच काणा! मुद्दाम एक डोळा अधू करून घेतो तो. दोन्ही मिटले तर झोपलाय म्हणतील.

उंटावरचा_शहाणा:
कान, डोळा, दुर्बीण झालं. तोंडाचं काय करायचं, ते कोणी मिटेना.

तळटीप:
ण आणि न च्या भानगडीसाठी वेगळा धागा काढा, त्यात 'आणिबाणी'ची णि ऱ्हस्व की दीर्घ तेही घ्या.

शब्दलुब्ध:
दीर्घ. यात चर्चा काय करायची?