प्रोस्टेट वाढलंय, मूत्राशयात खडाही आहे: ऑपरेशन लांबवावं का?

जुळे_सोलापूरकर: वडील ७१ वर्षांचे. सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांमधली ग्रंथी) ९० ग्रॅम, मूत्राशयात अडीच सेंटिमीटरचा खडा. लघवीची धार मध्येच तुटते, जरा वाकून उभं राहिलं की परत सुरू होते. रात्री उठावं लागतं म्हणून या उन्हाळ्यात संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. माझं मत पक्कं आहे, आता गोळ्यांवर दिवस काढायचे नाहीत. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी तुंबते म्हणून खडा धरला. नुसता खडा काढला आणि अडथळा तसाच ठेवला तर पुन्हा धरणार. टॅमसुलोसिनची गोळी स्नायू सैल करते, प्रोस्टेटची गाठ कमी करत नाही.

यंत्रमाग_अण्णा: मला हे पटत नाही. आमचे सासरे ७९ चे, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. खडा दुर्बिणीतून फोडून काढला, प्रोस्टेटला हात लावला नाही. ड्युटास्टेराइडनं गाठ आकसते, त्याला सहाएक महिने द्यावे लागतात. सगळ्यांना एकच माप लावू नका.

जुळे_सोलापूरकर: सासऱ्यांच्या बाबतीत तुमचा निर्णय योग्यच होता. पण आमचे वडील धडधाकट आहेत. अशा माणसाला थांबवून ठेवायचं आणि लघवीचा दाब किडनीवर गेला की पळापळ करायची, हे मला मान्य नाही. आणि कृपा करून कुळथाचा काढा सुचवू नका. एवढा खडा मूत्रमार्गातून बाहेर पडणं शक्य नाही.

होटगी_रोड: ऑपरेशन करा, पण ‘लेझर’ या नावावर जाऊ नका. साधारण ८० ग्रॅमपर्यंत टीयूआरपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडणं, चालते. त्यापुढे होलेप, म्हणजे दुर्बिणीतून लेझरनं गाठ सोलून काढणं, किंवा पोटावर चिरा देऊन. चिरा दिला तर खडा अख्खा निघतो, पण रक्त जास्त जातं आणि मुक्काम वाढतो. होलेपला हात बसायला वेळ लागतो, म्हणून यंत्र आहे का एवढंच विचारू नका, ‘तुम्ही स्वतः किती केलीत?’ हेही डॉक्टरांना विचारा. मी असतो तर पुण्याला नेलं असतं.

सिद्धेश्वर_पेठेतली_ताई: पुण्याचं मला पटत नाही, दादा. घरी आल्यावरही रक्ताची गुठळी अडकून लघवी बंद होऊ शकते. तेव्हा रात्री अडीचशे किलोमीटर कसं नेणार? चांगला हात सोलापुरात मिळत असेल तर इथंच करा. खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले योजनेची चौकशी करा. आणि ऑपरेशनआधी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, नंतर काढलेल्या तुकड्यांचा तपासणी रिपोर्ट, या दोन्ही गोष्टी मागून घ्या. कॅन्सर नाही ना, ते कळायला हवं.

यंत्रमाग_अण्णा: ताईंचं बरोबर आहे. पण एवढ्या चर्चेत वडिलांना कुणी विचारलंय का? या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. त्यानं अपाय होत नाही, तरी ते आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे. मुलासमोर ते विचारणार नाहीत. डॉक्टरांकडे त्यांना थोडा वेळ एकटं बसू द्या.

जुळे_सोलापूरकर: हे मात्र मान्य, अण्णा. पुढच्या वेळी मी केबिनबाहेर थांबतो. ऑपरेशन लवकर व्हावं, हे माझं मत आहे तेच आहे.