मदत हवी आहे: रविवारी पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर सामना, चार बॅक की पाच?

हाफटाइम:
नमस्कार मंडळी. रविवारी बाहेरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना आहे आणि समोर गुणतक्त्यात पहिला असलेला संघ. आमची अवस्था बिकट आहे. गेल्या सहा सामन्यांत एक बरोबरी, बाकी सगळे हरलो. सरावाला दोनच दिवस मिळणार. मला एवढंच सांगा, मागे चार बॅक (बचावपटू) ठेवू की पाच? संध्याकाळी पोरांना सांगायचं आहे, त्यामुळे जरा लवकर.

मधलीफळी:
एवढ्यावरून काय सांगणार? आत्ता कोणत्या रचनेत खेळता? गोल कसे बसतात, कडेने की मधून? बरोबरी चालणार आहे की जिंकायलाच हवं? ही उत्तरं आल्याशिवाय चार की पाच याला अर्थ नाही.

क्लीनशीट:
पाच लावा, ५-४-१, म्हणजे पाच बॅक, मधल्या फळीत चार मिडफिल्डर आणि पुढे एक स्ट्रायकर. तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) असले की एक जण बाहेर ओढला गेला तरी मागे दोघे उरतात. फुल-बॅक (कडेचा बचावपटू) आणि सेंटर-बॅकमधली फट आपोआप बुजते. तगडे संघ तिथूनच घुसतात. विचार करत बसू नका.

नंबर_सहा:
क्लीनशीट, दोन दिवसांत पाचची फळी बसत नाही हो. समोरचा विंगर (कडेने हल्ला करणारा) कडेला चेंडू घेतो तेव्हा त्याच्यावर विंग-बॅकने (पाचच्या फळीतल्या कडेच्या बॅकने) जायचं की पुढच्या मिडफिल्डरने, इथेच घोळ होतो. दोघेही जातात किंवा कुणीच जात नाही. शिवाय कडेचे मिडफिल्डर दडपणाखाली मागे सरकत जातात आणि ५-४-१ ची ७-२-१ होते. मग चेंडू लांब मारला तरी वर धरायला एकटा स्ट्रायकर. दहा सेकंदांत चेंडू परत तुमच्या गोलसमोरच्या पेटीत.

क्लीनशीट:
घोळ शिकवणीचा आहे, रचनेचा नाही. चेंडू मध्यरेषेच्या वर असेल तर मिडफिल्डर जाईल, खाली असेल तर विंग-बॅक. एका वाक्याचा नियम आहे.

स्टड्स:
मैदान कृत्रिम गवताचं असेल तर लांब धातूचे स्टड घालू देऊ नका. पाय रुततो आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. आखूड आणि जास्त संख्येने असलेले रबरी स्टड घ्या. नवे बूट सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

हाफटाइम:
स्टड्स, मैदान नैसर्गिक गवताचं आहे, पण धन्यवाद. बाकीच्यांसाठी: आम्ही ४-३-३ खेळतो. बरोबरी चालेल, चार सामने उरलेत आणि खालच्या श्रेणीत जायचं की नाही हे गोलफरकावरही ठरू शकतं. म्हणजे ०-४ परवडणार नाही. गोल बहुतेक एकाच तऱ्हेने बसतात. कडेने आत येतात, गोलरेषेजवळून मागे पास देतात आणि पेनल्टी स्पॉटच्या आसपास कुणीतरी मोकळा असतो. घरच्या मैदानावर एवढं होत नाही, बाहेर गेलो की होतं. मनोधैर्याचा प्रश्न असावा.

मधलीफळी:
गोलफरकाचं आधी सांगायला हवं होतं. त्याने अख्खा बेत बदलतो. आता आणखी एक विचारतो. तुमच्या मैदानाची रुंदी किती, त्यांच्या मैदानाची किती?

हाफटाइम:
आमचं साधारण ९५ बाय ५५. त्यांचं मोठं आहे, १०५ बाय ६८. त्याने एवढा फरक पडतो?

मधलीफळी:
सगळा फरक त्यानेच पडतो. मनोधैर्य बाजूला ठेवा.

हिशेब करून बघा. मधल्या फळीत चौघे आहेत असं धरा, प्रत्येक दोघांत १० मीटर अंतर. म्हणजे ३० मीटर, आणि दोन्ही टोकांना आवाक्यातले पाच-पाच धरून ४०. तुमच्या मैदानावर उघडे राहतात १५ मीटर, त्यांच्या मैदानावर २८. समोरच्याने ४० मीटरचा आडवा उंच पास मारला तर तो हवेत साधारण अडीच सेकंद असतो. तेवढ्यात चांगला पळणारा पोरगा १५ मीटर कापतो. म्हणजे घरी तुमचा फुल-बॅक चेंडूबरोबरच पोहोचतो. तिथे तो पोहोचेल तेव्हा विंगरने चेंडू पायाखाली घेऊन मान वर केलेली असेल. मग घाईघाईत अंगावर जाणं, चकवा खाणं, गोलरेषेपर्यंत मोकळी वाट आणि मागे पास. तुम्ही सांगितलेला गोल हाच.

तीन जणांच्या मधल्या फळीने ६८ मीटर झाकता येत नाहीत. ४-४-१-१ लावा, म्हणजे चार बॅक, चार मिडफिल्डर, एक स्ट्रायकर आणि त्याच्या मागे एक. चार बॅक पोरांना सवयीचे आहेत, ते बदलू नका. पुढच्या दोघांनी सेंटर-बॅकच्या मागे धावायचं नाही. एकाने त्यांच्या बचावासमोरच्या मिडफिल्डरला सावलीसारखं झाकायचं, दुसऱ्याने चेंडू एका कडेला ढकलायचा. चेंडू कडेला गेला की परतीचा पास तोडायचा. टचलाइनसारखा (मैदानाच्या कडेच्या रेषेसारखा) बचावपटू नाही, ती कधी चकवा खात नाही. प्रेस, म्हणजे चेंडूसाठी अंगावर धावून जाणं, तीनच प्रसंगी: त्यांनी मागे पास दिला, पहिला स्पर्श बिघडला किंवा फुल-बॅकने मैदानाकडे पाठ करून चेंडू घेतला. एरवी जागेवर थांबायचं. पुढचा स्ट्रायकर ते शेवटचा बॅक हे अंतर ३० मीटरच्या वर जाऊ देऊ नका.

लाइन्समन:
+१. त्या मागच्या पासबद्दल थोडं. चेंडू गोलरेषेकडे गेला की सगळे चेंडूकडे बघत गोलकडे पळतात, म्हणून स्पॉट रिकामा पडतो. जागा वाटून द्या. जवळचा सेंटर-बॅक जवळच्या खांबाच्या रेषेत, दुसरा सहा यार्डांच्या रेषेच्या मध्यावर, लांबचा फुल-बॅक लांबच्या खांबाशी. दोन मधल्या मिडफिल्डरपैकी एकाने पेनल्टी स्पॉटवर थांबायचंच, दुसऱ्याने पेटीच्या तोंडाशी. स्पॉटवरच्या पोराचं नाव घेऊन त्याला सांगा की ही तुझी जागा, गोलरेषेवर कितीही गोंधळ असला तरी आत यायचं नाही.

टचलाइन:
माझ्या मते हे सगळं विसरा आणि माणसाला माणूस लावा, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा. ग्रीसने २००४ चा युरो असाच जिंकला. सलामीला यजमान पोर्तुगालला २-१ हरवलं, अंतिम सामन्यात पुन्हा त्यांनाच १-०. दुबळा संघ असाच जिंकतो.

नंबर_सहा:
टचलाइन, ग्रीसचे प्रशिक्षक रेहागल २००१ पासून त्या संघाबरोबर होते. इथे दोन दिवस आहेत. माणसाला माणूस लावला की एक जण चुकला तरी मागे आवरायला कुणी नसतं. ग्रीसकडून घ्यायचंच असेल तर कॉर्नर घ्या. उपांत्य फेरीत देलासचा आणि अंतिम फेरीत ५७ व्या मिनिटाला खारिस्तेआसचा, दोन्ही गोल कॉर्नरवर हेडरने. दुसऱ्या दिवसाची वीस मिनिटं कॉर्नरला द्या, जवळच्या खांबाकडे आत वळणारा एकच प्रकार, दहा वेळा.

टचलाइन:
आणि भारताने २०१९ मध्ये दोह्यात कतारला ०-० रोखलं ते? कतार तेव्हा आशियाई विजेता होता आणि आपल्याकडे कर्णधार छेत्रीही खेळत नव्हता.

लाइन्समन:
त्या रात्री गुरप्रीत गोलमध्ये उभा होता, ते विसरून चालणार नाही. गोलकीपरवरून आठवलं, नवे नियम लागू असतील तर चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला की समोरच्यांना कॉर्नर मिळतो. पूर्वी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री-किक होती, ती क्वचितच कुणी द्यायचं. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. वेळ काढायचा बेत असेल तर गोलकीपरला आजच सांगा.

क्लीनशीट:
पाच बॅक असते तर आडव्या पासचा प्रश्नच आला नसता, विंग-बॅक आधीच तिथे उभा असतो. हे कुणी बोलत नाही.

मधलीफळी:
हे बरोबर आहे, मान्य. पण चेंडू जिंकल्यावर पुढे द्यायचा कुणाला? पाच बॅक शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवा, बरोबरी किंवा आघाडी असेल तर. स्ट्रायकरच्या मागचा माणूस काढून तिसरा सेंटर-बॅक.

हाफटाइम:
४-४-१-१ पटलं. पण सराव कुठे करू? आमचं मैदानच ५५ मीटर रुंद आहे, ६८ मीटरची सवय तिथे कशी लावणार?

मधलीफळी:
मैदान आडवं वापरा. लांबीच्या बाजूवर ६८ मीटर मोजून दोन्ही टोकांना शंकू लावा, ती झाली तुमची रुंदी. तुमची ५५ मीटरची रुंदी झाली खोली, म्हणजे अर्ध्या मैदानाएवढी जागा मिळाली. गोल एका टचलाइनवर ठेवा, हलवता येत नसेल तर दोन काठ्या ७.३२ मीटरवर रोवा. आठ बचावाला, दोन पुढे, समोर दहा जण. तेवढे नसतील तर आठ, पण त्यांचे दोन्ही विंगर शंकूंना चिकटून उभे हवेत. सहा-सहा मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हल्ला करणाऱ्यांना नियम असा की दर चौथा पास लांबच्या कडेला गेलाच पाहिजे.

हे पहिल्या दिवशी. सामन्याच्या आदल्या दिवशी पळापळ नको, ४५ मिनिटांत कॉर्नर, थ्रो-इन आणि जागा चालत चालत दाखवणं, बस.

नंबर_सहा:
थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हे स्ट्रायकरला आठवून द्या. त्यांची बचावफळी वर चढून उभी राहत असेल तर तिच्या मागे उभं राहून सरळ थ्रो घेता येतो. अशी आयती जागा दुसरीकडे मिळणार नाही.

हाफटाइम:
सरावाचा बेत ठरला. शेवटचं विचारतो. एवढं करूनही आडवा पास पोहोचलाच तर फुल-बॅकने काय करायचं? आमचा डावा बॅक दरवेळी झेपावतो.

लाइन्समन:
झेपावायचं नाही. चेंडू हवेत असताना पूर्ण वेगाने पळायचं, विंगरचा स्पर्श होण्याआधी शेवटची तीन पावलं आखूड करायची आणि दोन मीटरवर थांबायचं. अंग तिरकं, आतला पाय पुढे, म्हणजे विंगरला बाहेरचीच वाट दिसते. दोन सेकंद थोपवलं तरी कडेचा मिडफिल्डर मदतीला येतो. त्याने येतानाच ‘आलो’ म्हणून ओरडायचं, तो आवाज ऐकल्यावरच डाव्या बॅकने पाय घालायचा. आदल्या दिवशी त्या दोघांनाच दहा मिनिटं बाजूला घ्या आणि सेंटर-बॅककडून उंच पास मारून घ्या, पंधरा तरी.

हाफटाइम:
घेतो. मैदानाचं माप आजच टाकतो.