दुसऱ्या सेटिंगला कॉन्सेंट्रिसिटी (आतल्या-बाहेरच्या व्यासाचा अक्ष एकच असणं) मिळत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

टर्निंग_रोज: सीएनसी लेथवर दोन सेटिंगचा (दोनदा पकडून करायचा) बुश आहे. पहिल्यात बोअर (आतलं भोक) आणि कॉलर (कडेचा मोठा व्यास), दुसऱ्यात उलटा धरून 32 मिमीचा ओडी (बाहेरचा व्यास). ड्रॉइंगवर 0.02, येतंय 0.05. ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देऊन कंटाळलो. सायकल टाइम 4 मिनिटं 20 सेकंद, तोही खाली आणायचाय. काय बदलू?

मायक्रॉन: मटेरियल कोणतं? जॉ (चकचे पकडणारे जबडे) हार्ड की सॉफ्ट? कुठे धरताय, प्रेशर किती? 0.05 ही डायलची पूर्ण फिरत (काट्याच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त मापातला फरक) आहे का? असेल तर अक्ष 0.025 सरकलाय. एक्सच्या ऑफसेटने व्यास बदलतो, अक्ष जागचा हलत नाही. तो नाद आधी सोडा.

टर्निंग_रोज: ईएन-8 (मध्यम कार्बन स्टील). बोअर 25, एच7 टॉलरन्स. धरतो 36 च्या कॉलरवर, हार्ड जॉ, 18 बार. हो, पूर्ण फिरत.

कोलेटप्रेमी: हार्ड जॉ काढा, कोलेट चक (चहूबाजूंनी आवळणारी पकड) लावा. विषय संपला.

मायक्रॉन: आखूड कॉलरवर साधं कोलेट पुरेसं टेकत नाही. सॉफ्ट जॉ बोअर करा. आतल्या पायरीत रिंग पकडून, जॉब ज्या प्रेशरला धरणार त्याच प्रेशरला. व्यास कॉलरच्या फिनिश साइजएवढा, आतल्या कोपऱ्यात छोटी रिलीफ खाच. खाच नसेल तर कॉलरची बर (कडेला राहिलेला धातूचा कच) तिथे अडकते आणि जॉब तिरका बसतो. जॉवर 1, 2, 3 पंच मारा. काढून परत लावले तर पुन्हा हलका कट घ्यावाच लागतो.

थ्रेडगुरू: जी-76 मध्ये (थ्रेड कापायची सायकल) शेवटचा पास कमी खोलीचा ठेवा, फिनिश छान येतं.

टर्निंग_रोज: थ्रेडच नाहीये हो यात.

डायलगेज: भिंत किती उरते? 36 मधून 25 गेले, म्हणजे एका बाजूला साडेपाच. 18 बारला बोअर तीन ठिकाणी दबणारच. चक सोडला की बोअर पूर्ववत गोल होतो, पण दबलेल्या अवस्थेत मारलेला ओडी त्रिकोणी होतो. मायक्रोमीटर हे दाखवणार नाही, तिन्हीकडे व्यास सारखाच भरतो. व्ही ब्लॉकवर ठेवून डायल लावा. प्रेशर 8-10 बारवर आणा, जॉब सरकत नाही याची खात्री करून. त्याहून चांगलं म्हणजे बोअरमध्ये एक्सपांडिंग मँड्रेल (आतून फुगून धरणारा दांडा) घालून ओडी मारा.

कोलेटप्रेमी: मँड्रेलला लोडिंगचा वेळ वाढतो, त्यांना वेळ कमी करायचाय!

डायलगेज: रिजेक्ट जॉबचा वेळ कोण मोजणार?

मायक्रॉन: दोन्ही टळेल. बार लांब बाहेर काढा. बोअर आणि 32 चा ओडी एकाच सेटिंगमध्ये फिनिश करून मग पार्टिंग करा (बारपासून कापून वेगळा करा). दुसऱ्या सेटिंगला फक्त कॉलरचं फेसिंग आणि चॅम्फर. एकमेकांशी नातं असलेली मापं एकाच पकडीत झाली पाहिजेत. आता सांगा, रफिंग आणि फिनिशिंग एकाच इन्सर्टने करता?

टर्निंग_रोज: हो. 0.8 नोज (टोकाची गोलाई), 1 मिमी कट, फीड 0.15.

मायक्रॉन: तिथेच वेळ जातोय. रफिंगला मशीन झेपेल तर 2 मिमी कट, 0.25 फीड. फिनिशला वेगळा 0.4 नोजचा इन्सर्ट, 0.1 फीड, हिशोबाने चऱ्या साधारण 3 मायक्रॉन. जी-96 (कटिंगचा वेग कायम ठेवणारा कोड) लावताना जी-50 ने आरपीएमची मर्यादा घाला.

टर्निंग_रोज: सॉफ्ट जॉ बोअर केले, 10 बार. डायल 0.015. पण सकाळचे पहिले दहा-बारा जॉब ओडीला 0.01 ने वेगळे येतात, मग स्थिरावतात.

डायलगेज: हे आधी सांगायचं! ते जॉचं काम नाही. स्पिंडल 15-20 मिनिटं फिरवा, एक्स-झेडही फिरू द्या, कूलंट चालू ठेवून. मग पहिला जॉब लावा.