खाडीवर पक्ष्यांना कडी घालताना नवख्या विद्यार्थ्यांनी पक्षी हाताळावेत का?

भरतीओहोटी: मी ठाण्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. फेब्रुवारीअखेर ठाणे खाडीवर पक्ष्यांना कडी घालण्याच्या, म्हणजे रात्री जाळ्यात पकडलेल्या पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे कडे अडकवून त्यांना सोडण्याच्या, कामात आम्ही सहा विद्यार्थी मदतनीस म्हणून जाणार आहोत. पक्षी स्वतः हाताळण्याची मला फार इच्छा आहे, पण आमच्या अननुभवामुळे त्याला इजा होईल अशी धास्तीही वाटते. सुरुवातीला केवळ नोंदी घ्याव्यात का?

चिखलवाट: नोंदींपासूनच सुरुवात करा, मात्र त्यांना ‘केवळ’ म्हणू नका. कड्यावरचा एक आकडा चुकला, तर तो पक्षी पुढे कुठेही सापडला तरी त्याचा प्रवास दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जमा होतो. म्हणून कडे घालणाऱ्याने क्रमांक मोठ्याने वाचावा आणि लिहिणाऱ्याने तो तितक्याच मोठ्याने परत म्हणावा. या दिवसांत वजनाची नोंद विशेष मोलाची असते, कारण सैबेरियाच्या टुंड्रात घरटे करणारी बाकचोच तुतारी (चिखलात चरणारा स्थलांतरित पक्षी) परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असते. तिला आपण जितका वेळ अडकवून ठेवू, तितका तिचा चरण्याचा वेळ जातो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली पक्षी हातात घ्यावा: पाठ तळव्याला टेकलेली, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, आणि छातीवर जराही दाब नाही. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीची हालचाल थांबली की त्याचा श्वासच थांबतो.

उधाण: वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या कामाला परवानगी लागते, तेव्हा त्यात तुमची नावे आहेत का, हे आधी विचारून घ्या. माझी खरी काळजी पाण्याची आहे. काळोखात जाळे पक्ष्यांना दिसत नाही, म्हणून चिखलपक्ष्यांसाठी अंधाऱ्या रात्री निवडतात. पण अमावस्येच्या आसपासच उधाणाची भरती येते, आणि जाळ्याचा खालचा पदर पाण्याला टेकला तर त्यात अडकलेला पक्षी बुडून मरतो. भरतीच्या वेळा पाठ असलेला एक विद्यार्थी सतत जाळ्यापाशी हवा, आणि हाताशी माणसे कमी असतील तर जाळीही कमीच लावावीत.

भरतीओहोटी: मनःपूर्वक आभार. पहिल्या रात्री वही माझ्याकडे द्यावी, अशी विनंती मी करणार आहे. पक्षी सोडताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का?

चिखलवाट: हो. विजेरी विझवा, त्याचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडे थांबा आणि त्याला हवेत न उडवता कोरड्या जमिनीवर ठेवा. तो आपल्या वेळेने जाईल.