बीएस्सी पहिलं वर्ष, टायट्रेशन जमत नाहीये. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गावाकडे बारावी करून यंदा पुण्यात बीएस्सीला आलोय. बारावीत प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरची जर्नल उतरवणं (खोटं कशाला बोलू!). ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी) पहिल्यांदा इथेच हातात धरली. सध्या ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं) चालू आहे. द्रावण ६०-७० अंशांपर्यंत तापवतो, सल्फ्युरिक आम्लही घालतो, तरी फिकट गुलाबीऐवजी कधी तपकिरी गढूळ होतं, कधी एकदम गडद जांभळं. तीन वेळची रीडिंग आली ९.८, १०.६, ११.१ मिली, म्हणजे जुळतच नाहीत. मॅडम म्हणतात, "पुन्हा कर."

आम्ल कमी पडतंय की मी घाई करतोय? आणि एवढ्या गडद द्रावणाचं रीडिंग वरच्या कडेला घ्यायचं की खालच्या? गुरुवारी परीक्षा आहे. शेजारच्या टेबलावरच्याचं पहिल्या झटक्यात येतं, पण त्याला विचारायची लाज वाटते.