एल निनोच्या वर्षी चक्रीवादळं वाढतात की कमी होतात?

क्षितिजा:
मुलीला भूगोल शिकवताना अडकले आहे. एका लेखात म्हटलंय, एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, वादळं कमी होतात. दुसऱ्यात म्हटलंय, ती जास्त उग्र होतात. पाणी तापलं की वादळं वाढतात, एवढंच मला माहीत होतं. खरं काय?

टिंबांचा नकाशा:
दोन्ही खरं आहे ताई, फक्त महासागर वेगवेगळे. 'किती' विचारण्याआधी 'कुठे' विचारा.

मला हे उमगलं ते कागदावर. पश्चिम पॅसिफिकचा कोरा नकाशा घेतला आणि प्रत्येक वादळ जिथे जन्मलं तिथे टिंब दिलं. १९९७ सालची लाल, १९९८ ची निळी. १९९७ मध्ये जोरदार एल निनो होता. लाल टिंबं आग्नेयेकडे, पार वाररेषेपर्यंत पसरली. ओलिवा आणि पाका ही दोन तर वाररेषेच्या पूर्वेला जन्मून पश्चिमेकडे आली. पुढच्या वर्षी ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती, आली. निळी टिंबं विरळ, आशियाच्या किनाऱ्याकडे दाटलेली, आणि मोसमातलं पहिलं नाव मिळालेलं वादळ यायला जुलै उजाडला. दोन्ही रंग शेजारी पाहिले तेव्हा कितीतरी वेळ नकाशावरून नजर हटेना.

कारण असं: एल निनोत व्यापारी वारे मंदावतात, ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, आणि त्यामागोमाग कमी दाबाचा पट्टाही पूर्वेला लांबतो. हवेला गिरकी मिळते ती त्या पट्ट्यात. तिथे जन्मलेल्या वादळाला जमीन गाठायला खूप दिवस लागतात. तितके दिवस ते गरम पाण्यावरून जातं, म्हणून बळावतं. तुमच्या दुसऱ्या लेखाचा रोख बहुधा इथेच असावा.

क्षितिजा:
मग कमी कुठे होतात?

टिंबांचा नकाशा:
अटलांटिकमध्ये. तिथे एल निनोत वरच्या थरातले पश्चिमी वारे जोर धरतात, खाली व्यापारी वारे उलट्या दिशेने वाहत असतात. या ओढाताणीत वादळाचा उभा खांब तिरपा होतो आणि मोडतो. पाणी कितीही गरम असो, खांब ताठ राहिला नाही तर वादळ उभं राहत नाही. २०२० मध्ये ला निना होती, तेव्हा तिथे नाव मिळालेली तब्बल ३० वादळं झाली. मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका. २०२३ मध्ये एल निनो असूनही तिथे २० झाली, कारण अटलांटिकचं पाणी विक्रमी तापलेलं होतं.

पश्चिमवारा:
हिंदी महासागराला केवळ एल निनोची मोजपट्टी पुरत नाही. २०१९ च्या पावसाळ्यानंतर पॅसिफिकमध्ये ना एल निनो होता ना ला निना, तरी अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी घोंघावत होती. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली आणि सुमात्राकडची निवलेली होती, म्हणजे धन द्विध्रुव.

क्षितिजा:
आज संध्याकाळी मुलीला कोरा नकाशा आणि दोन रंगांच्या पेन्सिली देते. १९९७ पासूनच सुरू करू.